आज तुमची बचत

बिलावरची शेवटची ओळ मोठ्याने वाचायची पद्धत मोशीच्या त्या घरात योगिनीने आणली. त्याआधीही घरात किराणा येत होता आणि काटकसरही होत होती, पण ती वाचून दाखवण्याची गोष्ट आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. योगिनी मार्टमधून आली की पिशव्या ओट्यावर ठेवायची, कागदाची लांबलचक पट्टी सरळ करायची आणि सासूबाईंसमोर उभी राहून म्हणायची, "आई, आज तुमची बचत, चारशे बारा रुपये." कागदावर तसंच छापलेलं असायचं. यशोदाबाई लसूण सोलता सोलता थांबायच्या आणि धाकट्या सुनेकडे बघून हसायच्या. ते हसू थोरल्या सुनेला, शालनला, सोसायचं नाही.

आता शालनची बाजूही ऐकून घ्यायला हवी. लग्न होऊन आली त्या वर्षापासून या घराचा किराणा तिच्या हातात होता. तिचा नवरा ज्योतीराम चाकणच्या बाजारात कांद्याच्या गाड्या पोचवायचा, तेव्हा लिलाव उरकल्यावर मागे राहिलेल्या पिशव्या स्वस्तात उचलायला तिनेच त्याला शिकवलं. गहू उन्हाळ्यातच घ्यायचा, गच्चीवर वाळवायचा, एरंडेल चोळून कोठीत भरायचा, ही तिची शिस्त. वाण्याच्या काट्यावर तिची नजर अशी बसलेली असायची, की तो बिचारा डाळ मोजताना दोन दाणे जास्तच टाकायचा. धुण्याचा साबण ती अर्धा कापून ठेवायची. एवढं सगळं करून घर चालवलं, दिराचं, रविराजचं, शिक्षण आणि लग्न त्याच घरातून झालं, पण शालनच्या बचतीखाली कुणी कधी आकडा छापला नव्हता. जे छापलेलं नाही ते मोठ्याने वाचणार तरी कोण?

घरात माणसं आठ. यशोदाबाई, ज्योतीराम आणि शालन, त्यांची कॉलेजातली मुलगी आणि शाळेतला मुलगा, चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाणारा रविराज, त्याची बायको योगिनी आणि त्यांचं दीड वर्षाचं लेकरू. चूल एक, आणि त्या चुलीवर राज्य शालनचं. कुठला डबा कुठे ठेवायचा इथपासून चहा कशात द्यायचा इथपर्यंत सगळे नियम तिचे. घरची माणसं स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायची. निळ्या फुलांच्या कपबश्या शालनने हौसेने आणल्या होत्या, त्या वरच्या फळीवर असायच्या आणि फक्त पाहुण्यांसाठी खाली यायच्या. योगिनीने नवी नवरी असताना एकदा रविराजला त्या कपातून चहा दिला होता. तेव्हा शालनने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की घरच्या माणसाला कपबशी नसते, कपबशी परक्याला. योगिनी चिंचवडची, बी.कॉम. झालेली, पण तिने ते निमूट ऐकलं आणि पुन्हा कधी चूक केली नाही.

स्पाइन रोडला घरसंसार मार्ट निघालं तेव्हा योगिनीच शालनकडे आली होती. म्हणाली, ताई, त्यांचं कुटुंब कार्ड मिळतंय, महिन्याला मोबाइलवर कूपन येतं, पाच हजारांच्या वर खरेदी झाली की पाचशे कमी होतात, शिवाय एकेका वस्तूवर वेगळी सूट. कार्ड तुमच्या नावावर घेऊ का? शालन तेव्हा पोह्यांना फोडणी देत होती. मला नको ती मोबाइलची भानगड, म्हणाली, तुला हौस असंल तर तू घे. मग योगिनीने घेतलं. हे शालनला नंतर रोज आठवायचं आणि रोज त्यातून राग योगिनीवरच निघायचा, कारण स्वतःवर रागावण्याची तिला सवय नव्हती.

कुपनांनी घरात हळूहळू बस्तान बसवलं. योगिनी रात्री लेकरू निजवता निजवता मोबाइलवर बघून ठेवायची, कुठल्या तेलावर सूट आहे, कुठल्या डाळीवर एकावर एक आहे. वाण्याकडची खरेदी बंद झाली. तो एकदा रस्त्यात भेटला आणि शालनला म्हणाला, वहिनी, आमचं काही चुकलं का? शालनला वाटलं, आपल्या दोघांनाही एकाच दिवशी कामावरून काढलं.

ती तरी सगळं गिळत होती. गिळलं नाही ते गुडघ्याचं. यशोदाबाईंचे गुडघे दुखायचे आणि शालन रोज झोपण्याआधी त्यांना तेल चोळून द्यायची. तेल कोमट करायचं, वाटी उशाशी न्यायची, पंधरा मिनिटं खाली बसायचं. योगिनीने कुपनांचे पैसे बाजूला टाकून सासूबाईंना गुडघ्याचा पट्टा आणला. यशोदाबाईंनी तो बांधला आणि गल्लीत फिरून दाखवला. येईल त्या बाईला सांगायच्या, "धाकटीनं आणला. कुपनातनं. बिलकूल दुखत न्हाई बघा." तेलाचं नाव कुणी काढलं नाही. त्या रात्री शालन वाटी घेऊन गेली तर सासूबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ दे गं, पट्टा हाय आता. शालनने वाटीतलं तेल परत बाटलीत ओतलं. बाटलीच्या तोंडातून ते बाहेर सांडलं आणि ती ओटा पुसत बराच वेळ उभी राहिली. तिला योगिनीचा हेवा वाटत होता, सरळ आणि उघडा हेवा, आणि त्याला दुसरं कुठलं नाव देऊन भागणार नव्हतं.

तेव्हाच तिने ठरवलं, की आपल्यालाही कार्ड हवं. आपल्या नावाचं. आपणही कागद आणायचा आणि आपणही ती ओळ सासूबाईंसमोर वाचायची.

नवरात्र बसलं त्या दिवशी ती एकटीच मार्टला गेली. कार्डाच्या टेबलावर चिखलीच्या विमलबाई होत्या, यशोदाबाईंच्या जुन्या ओळखीच्या. त्यांनी पत्ता विचारला, मोबाइल विचारला, आणि म्हणाल्या, या घरात एक कार्ड दिलेलं आहे, एका घराला एकच. शालनचं तोंड पडलं. विमलबाई मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, वेगळं झाला असाल तर मिळतं.

त्याचं असं होतं, की मार्टचा मालक याच भागातला. एका छपराखाली भाऊभाऊ वेगळे राहतात आणि पाटी मात्र एकच असते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो पत्ता बघायचा नाही, चूल बघायचा. वेगळी चूल असेल तर गॅसचं वेगळं पुस्तक असणार, ते दाखवा आणि कार्ड घ्या. शालनच्या घरी दोन गॅस जोडण्या होत्या. दुसरी तिच्या नावावर, फक्त जास्तीच्या सिलिंडरसाठी घेतलेली. पुस्तक तिच्या पिशवीत होतं. ते का बरोबर आणलं होतं, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

"कवा झालात गं वेगळं?" विमलबाईंनी विचारलं.

"झालो," शालन म्हणाली. "पितृपक्षाच्या आधी."

विमलबाईंनी चुकचुकत कार्ड केलं. हल्ली सगळीकडं असंच, म्हणाल्या, आणि आणखीही काहीतरी घरी पाठवण्याचं बोलल्या. शालनचं लक्ष नव्हतं. कार्डावर तिचं पूर्ण नाव छापून आलं होतं आणि ती ते पुन्हा पुन्हा वाचत होती. येताना तिने कार्ड ब्लाउजमध्ये ठेवलं. रिक्षात बसल्यावरही दोनदा चाचपून बघितलं.

घरसंसार मार्टमध्ये एक रीत होती. नव्या चुलीचं कार्ड झालं, की मालकाकडून घरपोच पिशवी जायची. मीठ, हळद, गूळ, नारळ आणि वर एक शुभेच्छांची चिठ्ठी. माणसं नवा संसार मांडताना पहिल्यांदा मीठ आणि हळदच घरात नेतात, ते मालकाने बरोबर हेरलं होतं. दोन दिवसांनी पिशवी आली तेव्हा शालन देवीच्या देवळात ओटी भरायला गेली होती. दार यशोदाबाईंनी उघडलं. मोटारसायकलवरून आलेल्या माणसाने नाव वाचून दाखवलं, वेगळ्या संसाराला मालकांच्या शुभेच्छा म्हणाला आणि निघून गेला.

शालन परत आली तर पिशवी ओट्यावर होती. नारळ वर दिसत होता. यशोदाबाई पाटावर बसल्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या दारात योगिनी लेकराला कडेवर घेऊन उभी होती. तिचे डोळे लाल झालेले.

"विमलला तूच सांगितलंस?" यशोदाबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

यशोदाबाईंबद्दल एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत होती. त्यांचे दीर वेगळे झाले, ते त्यांना पिठाच्या गिरणीवर दुसऱ्या बाईच्या तोंडून कळलं होतं. आपलं घर फुटलं आणि आपल्याआधी ते गिरणीवाल्याला ठाऊक, हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. हिंदुराव, त्यांचे यजमान, गेले तोवर त्या त्यांनाही ते ऐकवत राहिल्या.

शालनला हे आठवलं. ती घाईने म्हणाली, "आत्याबाई, तसं काय न्हाई. कार्डासाठी बोलले मी. कुपन मिळतं म्हणून."

"कार्ड तर हाय की घरात."

यावर उत्तर एकच होतं. योगिनी कागद वाचते आणि तुम्ही हसता, मला ते बघवत नाही, म्हणून मी खोटं बोलले. एवढं बोलली असती तर सासूबाई चिडल्या असत्या, कदाचित हसल्याही असत्या, आणि संध्याकाळी त्याच चुलीवर भाकरी झाल्या असत्या. शालनला ते वाक्य तोंडात जाणवतही होतं. पण दारात योगिनी उभी होती, ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत, आणि तिच्यासमोर ते तोंडाबाहेर काढण्यापेक्षा शालनला मरण बरं वाटलं असतं.

"ते माझं न्हवतं," ती म्हणाली.

लेकराने कडेवरून नारळाकडे हात केला.

"मग झालंच की," यशोदाबाई म्हणाल्या. "माझं-तुझं झालं, तिथं एक चूल कशाला? मला नंतर लोकांकडनं ऐकायचं न्हाई. वरची खोली रिकामी हाय. दसऱ्याला दूध तापवा."

योगिनी पुढे आली. ताई, कार्ड आजच तुमच्या नावावर करून घेऊ, म्हणाली, मला नको ते, माझं काही चुकलं असेल तर सांगा. ती मनापासून म्हणत होती, आणि तेच शालनला सगळ्यात जास्त झोंबलं. चूकही योगिनीच पदरात घेणार आणि चांगलीही तीच ठरणार.

"तुझं ऱ्हाऊ दे तुला," शालन म्हणाली आणि पिशवी उचलून आत गेली.

ज्योतीरामला संध्याकाळी कळलं. शालनला वाटलं होतं तो आईशी भांडेल, निदान नको म्हणेल, आणि मग त्याच्या आडून आपल्याला मागे फिरता येईल. पण तो शांत गडी. बायकांच्या मनात किती दिवस काय साठलं असेल, आपल्याला काय कळणार, असं त्याने धरलं. मला आधी सांगायचंस, एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळाने, तुला सुख होणार असेल तर होऊ दे वेगळं. शालन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला कुणीतरी थांबवायला हवं होतं आणि घरातली सगळी माणसं तिच्या सुखासाठी बाजूला सरत होती.

वरच्या खोलीत कंपनीतली तीन पोरं भाड्याने राहत होती, ती महिन्यापूर्वीच सोडून गेली होती. दसऱ्याला रविराजने शिफ्ट बदलून घेतली आणि स्वतः ओटा धुऊन दिला. जाताना वहिनीच्या पाया पडला. वर दूध उतू गेलं. यशोदाबाईंनी भांड्यांची वाटणी केली, ती इतकी चोख की शालनला बोट ठेवायला जागा राहिली नाही. तवे दोन होते, एकेक झाला. पातेली मांडून निम्मी केली. गव्हाची कोठी जड म्हणून खालीच राहिली, गहू मात्र मापून वर आला. निळ्या कपबश्याही खालीच राहिल्या. पाहुणे शेवटी खालीच येणार, यशोदाबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

दिवाळीच्या आधी शालनच्या मोबाइलवर कूपन आलं. तिच्या नावाने. पाच हजारांच्या वर पाचशे कमी. ती मुलीकडून ते दोनदा वाचून घेऊन मार्टला गेली, गाडी ढकलत सगळीकडे फिरली, रवा, मैदा, बेसन, तेल, साखर, पोहे, सगळं घेतलं. चार माणसांच्या फराळाला लागणारं आणि महिन्याला लागणारं घेऊन झालं, तरी काउंटरवरच्या मुलीने हिशेब केला आणि म्हणाली, मावशी, कूपन नाही बसत, कमी पडतायत.

शालन परत आत गेली. आठ माणसांच्या घराला ज्या आकड्यापर्यंत सहज पोचता येत होतं, तिथे चार माणसं पोचत नव्हती. तिने फरशी पुसायच्या औषधाच्या बाटल्या घेतल्या. बिस्किटांचे मोठे डबे घेतले. तरी भरेना, म्हणून एक भलामोठा प्लास्टिकचा टब उचलला. ज्या बाईने आयुष्यभर साबण अर्धा कापून ठेवला, ती टब छातीशी धरून रांगेत उभी होती. पण कूपन बसलं. कागद बाहेर आला आणि खाली छापलेलं होतं, आज तुमची बचत.

टबामुळे मोठी रिक्षा करावी लागली. घरी आली तर ज्योतीराम अजून चाकणला होता आणि मुलगा क्लासला. मुलीच्या कानात गाणी ऐकायची ती बोंडं होती. शालन कागद सरळ करून तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, बघ, पाचशे ऐंशी रुपये बचत. मुलगी बरं म्हणाली आणि टब कशाला आणला म्हणून विचारलं. शालन थोडा वेळ खाटेवर बसली. मग तिने केस नीट केले, कागद घडी न करता हातात धरला आणि जिना उतरून खाली गेली.

यशोदाबाई पट्टा बांधून खुर्चीत बसल्या होत्या. आतून कढईचा आवाज येत होता, पण चकलीचा वास नव्हता, चकल्या दरवर्षी शालनच करायची. शालनने आत पाऊल टाकलं आणि उभ्या उभ्याच वाचलं. "आत्याबाई, आज तुमची बचत, पाचशे ऐंशी रुपये."

"बरं झालं," यशोदाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आमचं आता कुपन बसत न्हाई. चार मानसात पाच हजार कुठलं व्हायला? योगिनी म्हणली, सोडून द्या."

शालनला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा आनंदच झाला. योगिनीच्या हातात आता कागद नव्हता, तो आपल्या हातात होता. तिने तो आणखी थोडा सरळ केला आणि सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं, ते हसू बघायला. यशोदाबाई हसल्याही. तसं त्या गल्लीतल्या बायकांशी हसायच्या.

"उभी का? बस की," त्या म्हणाल्या, आणि आत बघून हाक मारली. "योगिनी, च्या टाक गं. शालन आलीया."

शालन बसली. आत गॅस पेटल्याचा आवाज झाला. साखरेचा डबा उघडल्याचाही तिला ओळखू आला, कारण त्याचं झाकण तिने स्वतः ठोकून ठोकून बसतं केलं होतं. दिवाळीची तयारी कुठवर आली, यशोदाबाईंनी विचारलं, आणि शालनने सांगितलं, झाली, बरीचशी. थोड्या वेळाने योगिनी पदर सावरत बाहेर आली. तिने शालनसमोर स्टूल ओढलं आणि त्यावर चहा ठेवला. निळ्या फुलांची कपबशी होती.

तिने मुद्दाम केलं नव्हतं. शालनने तिच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, राग धरायला काही सापडतंय का म्हणून, पण तिथे तसं काही नव्हतं. तिने फक्त शिकवलेला नियम पाळला होता.

शालनने चहा बशीत ओतून प्यायला. कागद मांडीवर होता, तो हलकेच गुंडाळत गेला आणि तिने पुन्हा सरळ केला नाही. चहा झाल्यावर ती सवयीने कपबशी घेऊन उठली आणि मोरीकडे वळली. तेव्हा यशोदाबाई मागून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. योगिनी धुईल."

शालनने कपबशी स्टुलावर ठेवली आणि येते म्हणाली.